आर्द्रापर्यंतचं पाणी: राजापूरच्या सड्याखालचं एक बिऱ्हाड

आमच्या दादाचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या जरा खाली उतारावर आहे. वर सगळा काळा कातळ, खाली भाताच्या चोंढ्या, मध्ये आपण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वरच्या वाडीत पाण्यासाठी हंड्यांची रांग लागते. घाटावरच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना पटतच नाही, कारण माण-खटावला पाचशेच्या आतबाहेर पावसात लोक ज्वारी-बाजरी काढतात आणि तुम्ही तीन हजारात रडता म्हणजे काय.

म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. गेली सात वर्षं मी हे जवळून बघतोय, सुट्टीत जाऊन हातभारही लावलाय, आणि वहिनीनं कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या नोंदी माझ्याकडे फोटोत आहेत. जे फसलं ते पण लिहितो कारण फसलेल्यातूनच आम्हाला जास्त कळलं.

आधी पावसाचं. तीन हजारातला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खाली जांभा, आणि जांभा म्हणजे चाळण. पाणी पडलं की आत जातं, खालच्या चिकट मातीच्या थरावर पोचलं की त्यावरून सरकत सरकत उतारावर झरा बनून बाहेर पडतं, तिथून वहाळ, वहाळातून अर्जुना नदी आणि पुढे खाडी. आमची विहीर नऊ मीटर खोल, श्रावणात कठड्यावरून वाकून तांब्या भरता येतो आणि शिमग्याला तळातला दगड दिसतो. बोअर मारायचा विचार झाला होता पण शेजारच्या दोन बोअरना पाणीच लागलं नाही म्हणून दादानं तो नाद सोडला. म्हणजे साधारण १५ ऑक्टोबरपासून ७ जूनपर्यंत २३५ दिवस वरून काही येणार नाही असं धरूनच चालायचं, मध्ये एखादी अवकाळी सर आली तर आली.

दादा २०१८ ला डोंबिवलीची नोकरी सोडून गावी आला. घरात चार माणसं, दादा, वहिनी, आई आणि पुतण्या. जमीन ७४ गुंठे, ती पण तुकड्या-तुकड्यांत. २० गुंठे भात, १० गुंठे वरकस जमिनीत नाचणी, बाकी काजू, थोडे हापूस, परसातले रातांबे म्हणजे कोकम, फणस. एक गाय, वासरू, चार शेळ्या. ठरवलं होतं की खायचं शक्यतो घरचं, विकत आणायचं कमीत कमी, आणि पाणी पावसाचंच.

खाण्याचं थोडक्यात सांगतो कारण त्यात फार गुंतागुंत नाही. २० गुंठ्यात बऱ्या वर्षी पाच-साडेपाचशे किलो भात होतं, भरडल्यावर साडेतीनशे किलोच्या आसपास तांदूळ, ते आठ-नऊ महिने पुरतात, उरलेले महिने रेशन. नाचणी ऐंशी-नव्वद किलो, पुरून उरते. भात कापलं की त्याच ओलीवर कुळीथ आणि पावटा टाकायचा, त्याला वेगळं पाणी लागत नाही, आणि मला विचाराल तर कोकणातलं सगळ्यात शहाणं पीक कुळीथच. तेल, साखर, चहा, मीठ, मासळी विकत. काजू बीचे जे पैसे येतात त्यातून शाळा, लाईटबिल, दवाखाना. म्हणजे शंभर टक्के स्वावलंबी वगैरे काही नाही, आणि दादा तसा दावाही करत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी कापून ठेवलेलं भात शेतातच भिजून रुजलं तेव्हा वर्षभर तांदूळ विकत खाल्ला, रेशन होतं म्हणून निभावलं.

खरं प्रकरण पाण्याचं.

सुरुवातीला आम्ही सगळे एकाच चुकीत होतो, की पाऊस इतका आहे तर पाणी कमी कसं पडेल. घराचं कौलारू छप्पर अकराशे स्क्वेअर फूट, म्हणजे १०२ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर, हा हिशेब सगळ्यांनी पाठ करून ठेवावा. त्यातलं वीस टक्के उडतं, सांडतं, कौलात जिरतं असं धरलं तरी वर्षाला दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणात पडतं. हे मी कागदावर मांडून दादाला दाखवलं आणि आम्ही दोघं खुश. मग २०२० ला उन्हाळ्यात दहा हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी बांधली, कोंबडी जाळी, गज, सिमेंटचे थर, तीन आठवडे गोणपाट ओले ठेवून पाणी मारलं, सगळं मिळून पन्नासेक हजार खर्च आला. पावसाळ्यात पन्हळ जोडली आणि टाकी दोन दिवसात भरली. दोन दिवसात! एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला की छपरावरून आठ हजार लिटर येतं. पुढचे तीन महिने टाकी वाहतच होती.

तेव्हा आमच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की आपल्याकडे किती पडतो हा प्रश्नच नाहीये, टाकी भरायला आषाढातले दोन दिवस पुरे आहेत. प्रश्न आहे २३५ दिवसांचा. आईनं ते एका वाक्यात सांगितलं. आमच्याकडे आगोट म्हणून पावसाळ्याआधी बेगमी करतात, लाकडं, सुकी मासळी, मीठ, मसाला, पापड, कारण चार महिने बाहेर पडता येत नाही. आई म्हणाली, तशीच दुसरी आगोट असते, ती पावसात करायची आणि ती पाण्याची. तिच्या लहानपणी मातीचे रांजण होते, आता टाकी आली, बाकी तेच.

प्यायला-स्वयंपाकाला चार माणसांना रोज ३० लिटर. २३५ दिवसांचे सात हजार पन्नास लिटर. म्हणजे दहा हजारी टाकी नुसत्या पिण्यासाठी ठेवली तर पुरते आणि वर थोडं उरतं. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कौलावर शेवाळ, पाचोळा, उंदरांची घाण सगळं असतं, त्यासाठी पन्हळीला खाली एक वेगळं तोंड ठेवलंय. मग खडी-वाळू-कोळशाचा ड्रम, मग टाकी. टाकीत उजेड जाता कामा नये आणि डास जाता कामा नये, दोन्ही सांभाळलं तर पाणी मेपर्यंत स्वच्छ राहतं. तरी उकळूनच पितात.

बाकीचं पाणी कुठून आणायचं? घरामागे एक जुनी चिरेखाण आहे, आजोबांनी घराचे चिरे तिथूनच काढले होते. आठ मीटर बाय सहा मीटर, अडीच मीटर खोल. पावसात भरायची आणि दसऱ्याला कोरडी, कारण चारही बाजूंनी जांभा. २०२१ च्या एप्रिलात दादानं ती साफ केली, टोकदार चिरे तासले, तळाला आणि कडांना माती लिंपली आणि शेततळ्याचा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, सोळा हजाराचा. १२० घनमीटर, म्हणजे एक लाख वीस हजार लिटर. वर बांबू टाकून झावळ्यांचा मांडव घातला, कागदाला ऊन लागू नये आणि पाणी उडू नये म्हणून. १६ मेला तौक्ते वादळ आलं आणि तो मांडव झावळ्यांसकट उडाला, काही खाणीत पडला, काही शेजारच्या आगरात सापडला. त्या वादळानं घराची कौलं नेली, दोन फणस पाडले, पण खाण मात्र अर्धी भरून गेली. मांडव पुन्हा बांधू, पुन्हा बांधू म्हणत तीन वर्षं गेली. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

एक लाख वीस हजार हा आकडा ऐकला की माणूस मोकळा सुटतो. दादाही सुटला. तीस माडांची रोपं लावली होती, वाढता माड उन्हाळ्यात रोज तीस-चाळीस लिटर पाणी मागतो, तीस माडांचे रोजचे हजार लिटर झाले. ते तर लगेच कळलं आणि माड सोडून दिले, त्यातले बरेच वाळले आणि ते बघवत नव्हतं. न्हाणीच्या मोरीचं पाणी जातं तिथले सहा माड राहिले, ते मस्त आहेत, त्यांच्या बुंध्यात अळू आणि केळी. पूर्वीच्या लोकांनी माड मोरीशी का लावला ते आपल्याला लाखभर लिटर घालवल्यावर कळावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

भाजीचं मात्र उशिरा कळलं. लालमाठ, मुळा, वाली, मिरची, वांगी, दादानं तीन गुंठे वाफे केले होते आणि वाफे दिसायला इतके छान होते की कोणाची बोलायची छाती होईना. एका गुंठ्याला रोज चारशे लिटर लागतं. तीन गुंठे, शंभर दिवस, हिशेब करून बघा, एक लाख वीस हजार. अख्खी खाण नुसत्या भाजीत गेली असती. दुसऱ्या वर्षी तीनाचे दोन गुंठे केले आणि आम्हाला वाटलं सुधारलो.

मग आलं २०२३.

त्या वर्षी फेब्रुवारीअखेर विहीर तळाला, भाजी बंद केली पण तोवर खाण अर्ध्याच्या खाली गेली होती. वर मांडव नाही. वहिनी मार्चपासून सांगत होती की हे पाणी मेअखेर जाणार नाही, काजूच्या नवीन साठ कलमांना आठवड्याला दहा लिटर देताय ते पाच करा. दादाचं म्हणणं कलमं मेली तर तीन वर्षं फुकट. दोघंही बरोबर होते, पण हिशेब वहिनीचा बरोबर होता. मेच्या पहिल्या आठवड्यात खाणीत चिखल उरला. त्याच सुमारास आम्ही चाकरमानी पोराबाळांसकट पोचलो, पंधरा दिवस घरात दुप्पट-तिप्पट माणसं, आणि आम्हाला कोणी काही बोललं नाही कारण पाहुण्यांना पाणी मोजून द्यायची पद्धत नाही. कपडे, भांडी, गाय, शेळ्या, सगळा भार पिण्याच्या टाकीवर आला, तीस लिटरच्या जागी दीडशे. जूनच्या दोन-तीन तारखेला टाकीचा नळ कोरडा.

तरी वाटलं चार दिवसांचा प्रश्न आहे, मिरग आला की पाऊस. सात जून गेला. अकरा जूनला बातमी आली मान्सून रत्नागिरीपर्यंत पोचला म्हणून, अंगण ओलं होण्याइतकी सर आली आणि थांबली. समुद्रात बिपरजॉय वादळ होतं, ते गुजरातकडे गेलं, आणि मान्सून आमच्या डोक्यावर येऊन अडकून बसला. आभाळ भरलेलं, हवा चिकट, पाऊस नाही. चोवीस जूनच्या सुमारास तो खरा लागला. टाकी संपल्यापासून तीन आठवडे झाले होते.

त्या तीन आठवड्यांत काय झालं तर पाणंदीतून टँकर येत नाही म्हणून छोट्या टेम्पोवर हजार लिटरची टाकी टाकून तीन खेपा आणल्या, पैसे दामदुप्पट, आणि बाकीचं पाणी खालच्या वाडीतल्या झऱ्यावरून वहिनीनं आणलं. चढ आहे, जायला-यायला अर्धा तास, रोज सात-आठ खेपा. गाय रोज चाळीस लिटर पिते हो, तिला काय सांगणार? शेळ्या दोन विकल्या. तरवा म्हणजे भाताची रोपं पेरायला उशीर, लावणी पुढे गेली. वहिनीची मान धरली ती पुढे गणपतीपर्यंत. मी हे लिहिताना मुद्दाम सांगतोय कारण स्वावलंबी शेतीचे जे छान छान व्हिडिओ फिरतात त्यात तळं दिसतं, भाजी दिसते, पण तळं आटलं की ते पाणी कोणाच्या डोक्यावरून येतं ते दिसत नाही. आमच्या घरात पाण्याचा निर्णय दादा घेत होता आणि पाण्याची किंमत वहिनी देत होती. हीच मूळ चूक होती असं माझं मत आहे, मांडव आणि भाजी त्यानंतर.

त्या पावसाळ्यानंतर सगळा हिशेब वहिनीकडे आला. तिनं लिटर सोडून दिले. एक सरळ बांबू घेतला, त्याला वितीवितीवर खाच पाडली आणि खाणीत उभा केला. अठ्ठेचाळीस चौरस मीटरची खाण, एक वीत पाणी म्हणजे साधारण अकरा हजार लिटर. अडीच मीटर म्हणजे अकरा विती. आता ही वाटणी बघा, मला तर ही कुठल्याही पुस्तकापेक्षा भारी वाटते. तळातली एक वीत गाळाची, ती धरायचीच नाही. उन्हात रोज चार-पाच मिलिमीटर उडतं, सगळ्या कोरड्या दिवसांचं मीटरभर होतं, म्हणजे चार वितींच्याही वर नुसतं हवेत. मांडव घातला तर अंदाजे तीन विती. २०२४ ला मांडव झाला, या वेळी बांबू चिऱ्यात खाचा मारून बसवले. उरल्या सात विती. तीन भाजीला, पण भाजी एकच गुंठा आणि ती पण संक्रांतीपर्यंत विहिरीवर, मग ऐंशी दिवस खाणीवर, पाडव्याच्या आसपास वाफे बंद. दोन विती धुण्या-आंघोळीला मार्चपासून पुढे. एक काजूच्या कलमांना. एक गुरांना. झाल्या सात. कुठलीही एक वाढवायची तर दुसऱ्या कुठल्यातरी वितीतून काढायची, आणि काढायची की नाही ते वहिनी सांगणार.

आणि हिशेबाचं शेवटचं टोक बदललं. आधी सगळं मृगापर्यंत मोजलेलं होतं, ७ जून. आता आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे २२ जून, आणि त्याच्यापुढे दहा दिवस राखीव. त्या राखीवसाठी प्लॅस्टिकची पाच हजार लिटरची वेगळी टाकी घेतली, तिच्या नळाला कुलूप आहे आणि किल्ली आईकडे. आई म्हणते मिरगाचा भरवसा तिच्या आजीनं पण धरला नव्हता, तो फक्त पंचांगात वेळेवर येतो.

अजून दोन गोष्टी केल्या त्या पण सांगतो. सड्याच्या कडेला उताराला आडवे चर खणले, पाणी मुरून विहीर टिकेल म्हणून. आमची विहीर जेमतेम दहा-बारा दिवस जास्त टिकली, पण खालच्या वाडीतला तोच झरा, जिथून वहिनी पाणी आणत होती, तो पुढे तीन-चार आठवडे जास्त वाहिला. म्हणजे खणलं आम्ही आणि पाणी मिळालं त्यांना. दादाला वाईट वाटलं नाही, मला थोडं वाटलं होतं, पण संकटात त्याच झऱ्यानं आपल्याला जगवलं हे विसरून कसं चालेल. आता चरांची साफसफाई दोन्ही वाड्या मिळून करतात. दुसरं, डिसेंबरच्या आधी वहाळात सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, एका दिवसाचं श्रमदान. फार लवकर घातला तर परतीच्या पावसात वाहून जातो, उशीर केला तर अडवायला पाणी उरत नाही, तो मधला आठवडा गाठावा लागतो.

२०२५ नं उलटा धडा दिला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून आला, आणि त्याच्याआधीही आठवडाभर पडतच होता. पाणी भरपूर, राखीव टाकीला हातही लागला नाही. पण पन्हळ साफ केलेली नव्हती, पहिलं घाण पाणी सोडायचं तोंड बंद राहिलं आणि कौलावरचा सगळा पाचोळा ड्रमात जाऊन बसला, ड्रम उपसून खडी-वाळू धुवून परत भरावी लागली. रातांबे झाडावरच भिजले, फोडून वाळत घातलेल्या आमसुलांना बुरशी आली, लाकडं ओली झाली, शेवटची काजू बी काळी पडली. पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची ती भाजणी आणि नांगरणी काही झालीच नाही. म्हणजे पाण्याची आगोट सांभाळताना खरी आगोट हातातून गेली. तेव्हापासून कॅलेंडरवर १० मेला 'पन्हळ' आणि १५ मेला 'लाकडं आत' असं लाल पेनानं लिहिलेलं असतं.

माकडांवर काही लिहिलं नाही कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल, काजूची बोंडं आणि भाजी यातला मोठा हिस्सा त्यांचाच असतो.

आम्ही चाकरमानी आता मेमध्ये गेलो की आंघोळ खाणीच्या पाण्यानं करतो, माणशी एक बादली, आणि पोरांना जाताच बांबूजवळ नेऊन खाचा दाखवतो. संक्रांतीला फोन केला होता. तिळगूळ वगैरे झाल्यावर विचारलं काठी कुठे आहे, तर वहिनी म्हणाली दहाला दोन बोटं कमी, मांडवाच्या चार झावळ्या बदलायच्यात, आणि भाजीला खाणीचं पाणी आज सकाळपासून सुरू केलं.